टाळू भरणारा हात

"नोकरीत काय करत होता तुम्ही?" असं कोणी विचारलं की मी सांगते, "हळू हात लावत होते." समोरचा हसतो. मी गप्प बसते. मग तो खुर्ची जवळ ओढून आणखी विचारतो. रिटायर माणसाला ऐकणारा असाच पकडावा लागतो, काय करता!

पण यात थट्टा काहीच नाही. नागपुरातल्या एका मिशनच्या दवाखान्यात, मालिशच्या खोलीत, माझी सगळी उमेदीची वर्षं गेली. आमची मालिश म्हणजे चंपी नव्हे आणि आखाड्यातलं रगडणंही नव्हे. सुजलेला हात किंवा पाय समोर ठेवायचा आणि कातडी जेमतेम सरकेल इतक्या हलक्या हातानं ती सूज वर वर न्यायची. बघणाऱ्याला वाटायचं, बाई पगार घेते आणि नुसती कुरवाळत बसते. माझ्या सख्ख्या भावालाही तसंच वाटायचं.

एक पहिलवान आले होते. कुस्तीत गुडघ्याला मार बसून सगळा पाय सुजलेला. मी कामाला लागले, तर थोड्या वेळानं विचारतात, "बाई, सुरू कधी करता?"

"करून राहिली ना."

"मले तर माशी बसल्यावानी वाटून राहिलं. जोर लावा ना जरा. लाजू नका."

म्हटलं, "पहिलवान, जोर तुमच्याजवळ गंज आहे, पाहिजे त्याच्यापेक्षा जास्त. त्यानं काय झालं ते दिसूनच राहिलं. आता गप पडा." ते गप पडले आणि असे घोरायला लागले की बाहेर बाकावर बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पुढे तेच पहिलवान आखाड्यातल्या पोरांना घेऊन यायचे आणि त्यांना दम द्यायचे, "बाईले जोर लावा म्हणाचं नाही. समजलं?"

शाळेतल्या एक बाई यायच्या. त्यांचं छातीचं ऑपरेशन झालेलं, काखेतल्या गाठी काढलेल्या, आणि उजवा हात सुजून जड झालेला. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "हाताचं बोला. बाकीचं काही विचारायचं नाही." मी हाताचंच बोलले. बरेच दिवस बोलले. एका दुपारी त्या आल्या त्या बाहीवर खडूची भुकटी घेऊनच. "आज फळ्याच्या वरच्या ओळीपासून लिहिलं," एवढंच म्हणाल्या आणि टेबलावर झोपल्या. त्या दिवशी मी घरी जाताना बर्डीच्या बाजारात उतरून स्वतःसाठी पावशेर जिलबी घेतली आणि एकटीनं खाल्ली.

हे काम मला शिकवलं आमच्या मोठ्या सिस्टरनं. ती जर्मन. मराठी तिनं पुस्तकातून शिकलेली, त्यामुळे रागावली तरी प्रवचन दिल्यासारखी रागवायची. ती म्हणायची, "रक्ताला हृदय ढकलते. या पाण्याला कोण ढकलते? कोणी नाही. हे पाणी गरीब आहे." अंगात रक्ताशिवाय आणखी एक पाणी फिरत असतं, कातडीच्या अगदी खालून. मान, काख, जांघ इथे त्याच्या गाठी असतात. मी पेशंटला सांगायची, हे जकात नाके आहेत. नाका तुंबला की मागे ट्रकांची रांग लागते. ती रांग म्हणजे सूज. आता शेवटच्या ट्रकला मागून धक्के मारून काय होणार? आधी पुढचा नाका मोकळा करायचा, मग पुढचा ट्रक, मग त्याच्या मागचा. म्हणून दुखणं पायात असलं तरी आमचा हात आधी मानेवर जायचा. "पाय दाखवाले आली, अन् हे मान कुरवाळून राहिली!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या निरोप समारंभात मीच ते बोलून दाखवलं.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले, ती सांगते. ती कमलाची. खरं तर तिच्या सासूची.

त्या काळी, म्हणजे सत्तरच्या आगेमागे, जुन्या शहरात हत्तीपाय घराआड होता. उघड्या नाल्या आणि डासांचं राज्य. कमला गांधीबागेच्या पलीकडच्या एका कोष्ट्याच्या घरची सून. नवरा नामदेव खड्ड्याच्या मागावर लुगडी विणायचा. कमला कांड्यांवर सूत भरायची आणि तो बाजारात गेला की स्वतः मागावर बसायची. मागावर हात जितका चालतो तितकाच पाय चालावा लागतो, खाली पावड्या दाबायच्या असतात. तिचा डावा पाय सुजत सुजत असा झाला की पावडी कुठे आणि पाऊल कुठे हेच तिला कळेना.

पण ती आली ते पायासाठी नाही, बोटासाठी. त्या पायात चांदीची भरीव जोडवी होती. सूज दोन्ही बाजूंनी अशी चढली होती की अंगठ्याशेजारच्या बोटातलं जोडवं दिसतच नव्हतं, मांसात गडप. आत जखम झालेली. वास येत होता.

डॉक्टरांनी पाहिलं. "जोडवं कापून काढू. लगेच होईल. राहू दिलं तर पुढे बोट काढावं लागेल, आणि तेवढ्यावर भागलं तर नशीब समजा."

कमलानं मान वळवली. तिच्या मागे तिची सासू उभी होती, केजाबाई. काटक, सरळ पाठीची, कपाळ मोकळं. ती म्हणाली, "कापाचं नाही."

"आजी, बोट सडतंय."

"जोडवं काढनं अलग, कापनं अलग. माह्या पोराच्या जिवावर कात्री चालवता का?"

डॉक्टर समजुतीनं म्हणाले, "अहो, दुसऱ्या पायात आहेत ना जोडवी!"

"एका पायाचं सौभाग्य असते का, डाक्टर?"

यावर डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पोळा तेव्हा महिन्या-दीड महिन्यावर होता. आणि मी, बोलून बसले, "पोळ्यापर्यंत वेळ द्या. सूज उतरवून न कापता काढून देते."

डॉक्टरांनी वाकून पुन्हा एकदा बोट पाहिलं. मग म्हणाले, "जखम रोज मला दाखवायची. बोट काळं पडायला लागलं तर मी कोणालाच विचारणार नाही. आजींनाही नाही, तुम्हालाही नाही." बरोबरच होतं त्यांचं. सिस्टर मात्र खवळली. "तू ईश्वराला तारीख देतेस? कॅलेंडर तुझे आहे?" मी मान खाली घातली. पण तोंडातून गेलेला शब्द काही परत घेता येत नव्हता.

पहिल्या दिवशी केजाबाईनं मला विचारलं, "आडनाव काय वं तुहं?" मी सांगितलं. नागपुरात आडनाव सांगितलं की पुढचं सगळं सांगून होतं. आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतलेली, राहायला आम्ही इंदोऱ्याला.  बाकावर केजाबाईजवळ झाकणाचा पितळी लोटा होता, तो तिनं माझ्या बाजूनं उचलून पलीकडे ठेवला. आमच्या खोलीत माठ होता, कमला त्यातलं पाणी प्यायची. केजाबाई उकाड्यात तासन्‌तास बसायची, पण लोट्यातलंच प्यायची. दवाखान्यात कुठली शिवाशिव, असं सगळेच म्हणायचे आणि लोटे सरकवायचे. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, चांगलाच यायचा. तो मी हातात उतरू द्यायची नाही, कारण हात जड झाला की काम बिघडतं.

काम मात्र छान चाललं होतं. रोज पाय साबणानं धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, मग मान, जांघ, मांडी, आणि शेवटी पाऊल. नंतर वर पट्टी. पट्टीचीच खरी पंचाईत होती. विकतची पट्टी महाग, आणि दोनदा धुतली की तिचा जीव जायचा. कमला घरी पोचेपर्यंत ती घोट्याशी गोळा होऊन बसायची. एक दिवस नामदेव तिला घ्यायला आला होता. त्यानं पट्टीचा तुकडा उजेडात धरला, एक धागा उसवला, बोटात फिरवला.

"बाई, या सुताले पीळ जास्त हाय. म्हनून हे ताणते. असं सूत मी पिळून देतो ना."

आणि दोन्ही काठ पक्के बांधलेली अशी पट्टी त्यानं मागावर विणून आणली की सिस्टरनं ती गालाला लावून पाहिली. पुढे कितीतरी वर्षं आमच्या खोलीत त्याच्याच पट्ट्या चालल्या. विलायती पट्टीवाला विक्रेता आला की सिस्टर त्याला नामदेवची पट्टी दाखवायची आणि म्हणायची, "हे पाहा आणि घरी जा."

पाय उतरू लागला. जोडव्याची कड दिसायला लागली. मी मनात पोळ्याचे बैल सजवून मोकळी झाले होते.

आणि एका सकाळी नामदेवनं कमलाला रिक्षातून उचलूनच आणलं. अंगात ताप, पाय लालबुंद, हात लावू देईना. सूज पहिल्यापेक्षा जास्त. जोडवं पुन्हा गडप.

डॉक्टरांनी तिला भरती करून घेतलं. पेनिसिलिन सुरू झालं. पाय उंच ठेवायचा, आणि मालिश पूर्ण बंद, कारण ताप आणि लाली असताना आमचा हात लागता कामा नये. जाताना डॉक्टर मला म्हणाले, "ताप उतरेपर्यंत थांबतो. मग कापायचं."

मी व्हरांड्यात केजाबाईसमोर जाऊन उभी राहिले. "काय केलं तुम्ही? खरं सांगा."

"काय केलं म्हंजे? मालिश केली. तू तर नुसती माशा हाकलून राहिली. मोहाच्या बियाचं, टोरीचं तेल गरम केलं अन् सपाटून रगडलं, खालून वरपर्यंत. सून हाय ते माही."

"सून आहे म्हणून मारता का तिला?"

"ए पोरी, जीभ आवर! कोनाले शिकवून राहिली? मोहल्ल्यातल्या साऱ्या बाळंतिणी या हाताखालून गेल्या. साऱ्या पोट्ट्यांचे टाळू मी भरले. मालिश तू मले शिकवशील?"

मी तोंड उघडलं होतं ते चांगलं खरपूस उत्तर द्यायला. पण शब्द कानात अडकला. टाळू. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरची ती मऊ जागा, तिथे तेल जिरवणं म्हणजे टाळू भरणं. आपल्याकडे बायका ते कोणाच्याही हाती सोपवत नाहीत.

मी विचारलं, "टाळू भरताना किती जोर लावता, आजी?"

"बैताड हायेस का वं? टाळूवर जोर लावते का कोनी? तिथं हाड नसते. तिथं नुसतं..."

ती थांबली. आपल्याच तळव्याकडे पाहत राहिली.

मी म्हटलं, "कमलाच्या कातडीखाली तसंच आहे. हाडासारखं काही नाही. दाबलं की चिरडतं."

 ती एकदम मटकन खाली बसली, तिथेच फरशीवर, आणि म्हणाली, "अगे माय, काय करून बसली मी!" तिचे डोळे भरून आले.  भांडायला आलेल्या बाईला रडणारी म्हातारी सांभाळता येत नाही. मीही खाली बसले.

तेव्हा माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. बोटांवर जुने पांढरे व्रण होते. तिनंच सांगितलं. "नामदेवचा बाप गेला तवा नामदेव मांडीवर होता. माहे जोडवे निघेचनात. सोनार बलावला. त्यानं कापले. मी पाहून राहिली होती, बाई. तवापासून कापलेलं जोडवं म्हनलं का मले..." 

म्हणजे गोष्ट एवढी होती. ती हट्टी नव्हती, घाबरली होती.

मी म्हटलं, "आजी, हात द्या." तिच्या तळव्यावर मी माझी बोटं ठेवली आणि तिला दाखवलं, किती, कसं, आणि हात परत कसा उचलायचा. तिनं हात ओढून घेतला नाही. मग म्हणाली, "आता मी करते, तू सांग." आणि तिनं माझ्या मनगटावर हात फिरवला. काय सांगू! मला तो दाब यायला सिस्टरच्या किती शिव्या खाव्या लागल्या होत्या. ही बाई बाळंतिणींच्या घरातून तो आयता घेऊन आली होती, फक्त इतके दिवस तिला तो मागितलाच नव्हता कोणी.

ताप उतरला. जखमही वाळायला लागली होती. मी डॉक्टरांसमोर हात जोडले. म्हटलं, "पोळ्यापर्यंतच." त्यांनी बोट निरखून पाहिलं, दाबून पाहिलं. "काळं नाही. पण पोळ्याच्या संध्याकाळी कात्री माझ्या हातात असेल."

मग आम्ही दोघी लागलो. मान आणि जांघ माझ्याकडे, पाय केजाबाईकडे. सकाळी आणि दुपारीही. सिस्टर दारातून पाहायची आणि काही न बोलता निघून जायची. ती कधी स्तुती करत नसे, निघून जाणं हीच तिची शाबासकी.

पोळ्याच्या दिवशी रस्त्यावर बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. जोडवं दिसत होतं, पण पुढच्या पेरावर सूज अडून बसलेली. नामदेवनं लुगड्याच्या काठाचं रेशीम आणलं होतं. मी त्याचं टोक सुईच्या बोथट बाजूनं जोडव्याखालून अलगद काढलं आणि पुढच्या भागावर धागा शेजारी शेजारी गुंडाळत नेला, म्हणजे तेवढं बोट बारीक होतं. मग मागचं टोक धरून धागा हळूहळू उलगडायचा. त्याच्याबरोबर जोडवं पुढे पुढे येतं. कमलानं पदर दातात धरला होता. केजाबाईनं डोळे गच्च मिटले होते, पण सुनेच्या घोट्यावरचा हात तसाच हलका होता.

सरकलं. अडलं. मी थांबले. पुन्हा सरकलं. आणि माझ्या तळहातावर टपकन पडलं. अख्खं. कुठे चरा नाही.

कमला ओरडली, "निघालं वं माय!" नामदेव बाहेर धावत सुटला आणि डॉक्टरांना हाक मारायला लागला. डॉक्टर कात्री घेऊनच आले होते. त्यांनी जोडवं पाहिलं, कात्री खिशात टाकली, आणि केजाबाईला म्हणाले, "आजी, नोकरी करता का आमच्याकडे?"

मी जोडवं धुऊन पुसून केजाबाईसमोर धरलं. तिनं घेतलं नाही.

"जखम भरेस्तोवर घालता येत नाही ना?"

"नाही."

"मग मोकळं जोडवं घरात मले पाहवनार नाही. तुह्याजवळ ठेव. तुह्याच हातात राहू दे." आणि माझी मूठ तिनं आपल्या दोन्ही हातांनी मिटवली. लोटा पलीकडे सरकवणारी ही बाई, आपल्या पोराचं आयुष्य माझ्या मुठीत ठेवून निघून गेली. मी बराच वेळ ती मूठ उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी मारबत. पोळ्याच्या पाडव्याला जुन्या शहरातून मारबतीचा मोठा पुतळा मिरवत नेतात आणि लोक ओरडून ओरडून तिच्याबरोबर आपापल्या पीडा गावाबाहेर धाडतात. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी मीही गेले होते. कमला ओट्यावर पाय लांब करून बसलेली, पायाला नवऱ्यानं विणलेली पट्टी. मारबत समोर आली तशी केजाबाईनं अशी आरोळी ठोकली की ढोलवाल्यांनी मागे वळून पाहिलं, "हत्तीपाय घेऊन जाय वं मारबत!" सारी गल्ली तिच्यामागून ओरडली. मीही ओरडले. मी म्हणजे सायन्स शिकलेली बाई! घसा दोन दिवस बसला होता.

आता खरं सांगते. हत्तीपाय मारबतीबरोबर गेला नाही आणि माझ्या हातानंही पुरता गेला नाही. तो तसा जात नसतोच. कमलाला जन्मभर पाय धुवावा लागला, पट्टी बांधावी लागली. पण तापाची ती भयंकर पाळी फारशी आली नाही, आणि पाऊल पावडीवर बसलं. किती जणी आमच्याकडे फार उशिरा आल्या, त्यांच्यासाठी काही करता आलं नाही, ते मला अजून खातं. कमला मात्र वेळेत आली.

दसऱ्याला आमच्या घरी पाय ठेवायला जागा नसते. दीक्षाभूमीवर जायला मौद्याकडचे सगळे नातेवाईक आदल्या दिवशीच येऊन पडतात. त्या वर्षीही अंगणात चूल पेटलेली, पांढऱ्या लुगड्यांतल्या आत्या-मावश्या भाकरी थापत बसलेल्या. आणि फाटकात केजाबाई! मागे कमला, आपल्या पायांनी चालत.

साऱ्या बायका पाहायला लागल्या. माझी आई गोंधळली. तिला लोट्याची गोष्ट मी सांगितली होती. केजाबाई सरळ आत आली, चुलीजवळ माझ्या आत्याच्या शेजारी बसकण मारली आणि पदरानं घाम पुसत म्हणाली, "पानी आन वं पोरी. गंज दुरून चालत आली. सुनेनं रिक्षाच करू देल्ली नाही!"

मी पाणी आणलं. आमच्या घरच्या गडव्यातलं. ती घटाघटा प्यायली, अर्धं उरलं ते कमलाला दिलं. मग आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली. "घे, सोनं. अन् आता माहं दे."

मी पेटीतून जोडवं काढलं आणि तिच्यापुढे धरलं. तिनं मान हलवली.

"तू घाल."

"मी? आजी, माझं लग्न नाही झालं. सवाशिणीच्या हातानं..."

"तुह्या हातानं निघालं, तुह्याच हातानं जाईन. मले नको शिकवू."

कमलानं पाय पुढे केला. आत्यांनी भाकऱ्या तव्यावर तशाच सोडल्या आणि भोवती जमल्या. मी पाऊल मांडीवर घेतलं. बोटावरची जखम भरून नवी गुलाबी कातडी आली होती. मी जोडवं टेकवलं.  मागून केजाबाई हळूच म्हणाली, "टाळू भरल्यावानी."

जोर लावावाच लागला नाही.